मोबाइलवर कोणता ब्राउझर वापरायचा? क्रोम, फायरफॉक्स, ब्रेव्ह, ऑपेरा मिनी : वेग, खासगीपणा आणि सुरक्षेची सविस्तर माहिती

सातबारा बघायचा, पीएम किसानचा हप्ता जमा झाला का तपासायचं, दहावी-बारावीचा निकाल, पीक विम्याचा अर्ज, महाडीबीटीवरचं अनुदान. ही सगळी कामं आता घरबसल्या मोबाइलवर होतात आणि ती ज्या ॲपमधून होतात त्याला ब्राउझर म्हणतात. फोन घेताना आपण कॅमेरा बघतो, बॅटरी बघतो, रॅम किती ते विचारतो. ब्राउझर कोणता हे मात्र कुणी विचारत नाही. फोनसोबत जो आला तोच वर्षानुवर्षे चालू राहतो. आधार नंबर, खाते क्रमांक, पासवर्ड, ओटीपी हे सगळं त्याच खिडकीतून आत-बाहेर जातं, त्यामुळे ही खिडकी कशी आहे हे एकदा नीट बघून घ्यायला हवं.

आधी एक गैरसमज : गुगल म्हणजे ब्राउझर नव्हे

आपल्याकडे सर्रास म्हणतात, "गुगलवर जाऊन बघ." गुगल ही शोधून देणारी सेवा आहे. क्रोम हा गुगल कंपनीचा ब्राउझर आहे. फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह वापरला तरी त्यात गुगलवर शोधता येतंच. हा फरक कळला की पुढची अर्धी माहिती सोपी होते, कारण ब्राउझर बदलला म्हणून जीमेल, यूट्यूब किंवा फोटो कुठेही जात नाहीत.

दुसरी गोष्ट. बाजारात ब्राउझर ढीगभर दिसतात, पण त्यांच्या आतली इंजिनं मोजकीच आहेत. क्रोम २००८ साली आला. त्याचा पाया असलेला क्रोमियम हा प्रकल्प सगळ्यांसाठी खुला आहे. मायक्रोसॉफ्टचा एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हे सगळे त्याच क्रोमियमवर बांधलेले. ट्रॅक्टरचं इंजिन एकाच कारखान्याचं, वरचा पत्रा आणि रंग वेगळा, असा हा प्रकार. फायरफॉक्सचं इंजिन मात्र स्वतःचं आहे, त्याला गेको म्हणतात. आयफोनवरच्या सफारीचं वेबकिट. भारतात आयफोनवर क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आत चालतं वेबकिटच. त्यामुळे आयफोनवाल्यांनी ब्राउझर बदलण्याच्या फार भानगडीत पडायचं कारण नाही. सफारी चांगला आहे, तोच वापरावा.

वेग : फरक ब्राउझरमध्ये कमी, जाहिरातींमध्ये जास्त

"अमुक ब्राउझर सर्वात फास्ट" अशा जाहिराती दिसतात. साध्या अँड्रॉइड फोनवर क्रोम, एज आणि सॅमसंग इंटरनेट यांच्या वेगात हाताला जाणवेल असा फरक नसतो. इंजिनच एक आहे, फरक येणार कुठून?

पान उशिरा उघडतं त्याची खरी कारणं वेगळी असतात. एक म्हणजे संध्याकाळी टॉवरवर येणारा ताण. गावात एकच टॉवर आणि सात वाजले की सगळे ऑनलाइन. दुसरं म्हणजे फोनची रॅम. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनमध्ये चाळीस टॅब उघडे ठेवले की कुठलाही ब्राउझर रांगायला लागतो. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यात चौकोनात आकडा दिसतो तो उघड्या टॅबचा. तो आकडा एकदा बघा, कित्येकांच्या फोनमध्ये तिथे शंभरच्या पुढे गेल्यावर येणारं हसरं चिन्ह दिसतं.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे जाहिराती. बातमीचं एक पान उघडलं की बातमीचा मजकूर अगदी थोडा असतो. त्याच्यासोबत जाहिरातीची चित्रं, आपोआप चालणारे व्हिडिओ आणि तुम्ही काय बघता त्याची नोंद ठेवणारे छोटे प्रोग्रॅम येतात. हा सगळा माल तुमच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटातूनच येतो. म्हणून जो ब्राउझर हा माल अडवतो तो आपोआप वेगवान वाटतो. आमच्यासारख्या पोर्टलचा खर्च जाहिरातीवरच निघतो, तरी हे सांगितलं पाहिजे, कारण ते खरं आहे.

इथे ब्रेव्ह पुढे आहे. जाहिराती आणि पाळत ठेवणारे प्रोग्रॅम अडवायची सोय त्यात पहिल्यापासून चालूच असते, वेगळं काही करावं लागत नाही. फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' नावाची जोड टाकावी लागते. तीन टिंबांवर दाबून एक्स्टेन्शन्समध्ये गेलं की ती मिळते, पैसे लागत नाहीत. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये अशी जोड बसवता येत नाही. क्रोममध्ये पूर्वी डेटा वाचवणारा 'लाइट मोड' होता, तोही गुगलने २०२२ मध्ये बंद केला.

नेट अगदीच रडतखडत चालत असेल तर ऑपेरा मिनी. हा २००५ पासूनचा जुना गडी, साध्या बटणाच्या फोनच्या काळात आपल्याकडे भलताच चालला. याची पद्धत निराळी आहे. तुम्ही पान मागितलं की ते आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडतं, तिथे त्याची चित्रं-बित्रं दाबून लहान केली जातात आणि मग ते तुमच्या फोनवर येतं. डेटा खरोखर वाचतो. पण याची किंमत मोजावी लागते, ती पुढे सांगतो.

खासगीपणा : कोण काय बघतं?

तुम्ही ठिबक सिंचनाच्या नळ्यांचा भाव शोधला आणि पुढचे आठ दिवस फोनवर ठिबकच्याच जाहिराती, हा अनुभव सगळ्यांना आहे. फोन कान देऊन ऐकतोय अशी चर्चा पारावर होते. खरं कारण बहुतेक वेळा कुकी असतं. वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवते, ती कुकी. तुम्ही लॉगिन केलेलं लक्षात राहतं ते या चिठ्ठीमुळेच, त्यात वाईट काही नाही. पण त्या पानावर जाहिरात लावणारी तिसरी कंपनीसुद्धा आपली चिठ्ठी ठेवते. मग तुम्ही दुसऱ्या साइटवर गेलात की तिथेही तीच कंपनी बसलेली असते आणि ती तुम्हाला ओळखते.

सफारीने २०२० मध्ये या तिसऱ्या पक्षाच्या कुकी पूर्ण अडवल्या. फायरफॉक्स माहीत असलेल्या पाळतखोरांना अडवतो आणि प्रत्येक साइटची चिठ्ठी वेगळ्या डब्यात ठेवतो. ब्रेव्ह पण अडवतो. क्रोमचं काय? गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं की दोन वर्षांत या कुकी बंद करू. तारीख पुढे ढकलत ढकलत जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. ज्या कंपनीची कमाई जाहिरातीवर आहे तिच्याकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा कशी करणार? क्रोममध्ये ही सोय स्वतः चालू करता येते : सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, थर्ड-पार्टी कुकीज, आणि तिथे ब्लॉक.

इनकॉग्निटोबद्दल तर भलतेच समज आहेत. काळ्या चष्म्याचं चित्र दिसलं की आपण अदृश्य झालो असं पोरांना वाटतं. त्यात एवढंच होतं की ती खिडकी बंद केल्यावर फोनमध्ये इतिहास आणि कुकी राहत नाहीत. कोणती साइट उघडली हे सिमकार्डची कंपनी बघू शकते, साइटलाही कळतं, आणि डाउनलोड केलेली फाइल फोनमध्ये तशीच राहते. याच मुद्द्यावर २०२० मध्ये अमेरिकेत गुगलवर दावा झाला आणि २०२४ मधल्या तडजोडीत इनकॉग्निटोतल्या वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायला गुगल तयार झालं.

तरी इनकॉग्निटोचा एक उपयोग नक्की आहे. सेवा केंद्रावर, झेरॉक्सच्या दुकानात किंवा दुसऱ्याच्या फोनवर तुमचं खातं उघडावं लागलं तर ते इनकॉग्निटोमध्येच उघडा आणि काम झालं की खिडकी बंद करा. पासवर्ड तिथे साठत नाही.

सुरक्षा : पैसे जातात ते इथून

खासगीपणा गेला तर जाहिराती येतात, सुरक्षा गेली तर पैसे जातात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे अपडेट. ब्राउझरमध्ये चुका सापडतच असतात आणि चोरांनाही त्या कळतात. क्रोम, फायरफॉक्स, ब्रेव्ह, एज यांच्या नव्या आवृत्त्या साधारण महिन्याला येतात आणि तातडीची दुरुस्ती मधेच येते. फोनची जागा भरली म्हणून किंवा डेटा जातो म्हणून अनेक जण प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट बंद करून ठेवतात. बाकीच्या ॲपचं बंद ठेवलं तरी चालेल, ब्राउझरचं आणि बँकेच्या ॲपचं चालू ठेवा.

जुन्या फोनवाल्यांसाठी महत्त्वाचं : ऑगस्ट २०२५ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्यांना अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचं लागतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या ठिकाणी आपला नंबर बघा. ८ किंवा ९ असेल तर तुमचा क्रोम १३८ व्या आवृत्तीवरच थांबलेला आहे. तो चालतो, पण नवी भोकं बुजवली जात नाहीत. अशा फोनची साथ फायरफॉक्सने क्रोमपेक्षा जास्त दिवस ठेवली आहे. तरी खरं सांगायचं तर असा फोन गाणी आणि व्हिडिओसाठी ठेवावा, बँकेचं काम दुसऱ्या फोनवर करावं.

आता पत्ता वाचायचं. ही एक गोष्ट कुठल्याही ब्राउझरपेक्षा जास्त कामाची आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, 'पीएम किसान केवायसी अपूर्ण, लगेच करा', खाली लिंक. दाबलं की हुबेहूब सरकारी पान, तोच झेंडा, तेच फोटो. चित्रं कुणीही चोरू शकतो, पत्ता चोरता येत नाही. पीएम किसानचा खरा पत्ता आहे 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन'. आपण टपालाचा पत्ता लिहिताना गाव, तालुका, जिल्हा असं लिहितो. जिल्हा शेवटी येतो आणि तोच ठरवतो की पत्र कुठे जाणार. एका नावाची गावं चार जिल्ह्यांत असतात. इथेही तसंच. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघा. तिथे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असेल तर सरकारी. पण पत्ता 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असा असेल, तर मालक अमुकतमुक आहे, सुरुवातीला काहीही लिहिलेलं असो. 'पीएमकिसान-जीओव्ही डॉट कॉम' यात मधे आडवी रेघ आहे आणि शेवटी कॉम, म्हणजे तेही सरकारी नव्हे.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता सोपी खूण करून दिली आहे. देशातल्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्यावा असा आदेश होता, सहकारी बँकाही त्यात आल्या. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. बँकेच्या नावाने आलेल्या पानाच्या पत्त्याचा शेवट असा नसेल तर तिथे काहीही भरू नका, शाखेत फोन करून विचारा.

कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं वर्षानुवर्षे शिकवलं गेलं. ते अर्धंच खरं आहे. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि साइटच्या मधे कुणी ऐकत नाही. समोर बसलेलाच चोर असेल तर कुलूप काय करणार? चोरांच्या साइटलाही ते फुकट मिळतं. हा गोंधळ टाळायला क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

फसव्या साइटची यादी गुगल ठेवतं आणि तशी साइट उघडली की लाल पडदा दाखवतं. फायरफॉक्स, ब्रेव्ह, सफारीसुद्धा या यादीचा आधार घेतात. लाल पडदा आला की मागे फिरायचं, 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही. पण काल रात्री तयार झालेली बनावट साइट आज सकाळी यादीत असेलच असं नाही, म्हणून पत्ता वाचायला पर्याय नाही.

सध्या सगळ्यात जास्त घात करतंय ते एपीके. आरटीओ चलन, पीएम किसान यादी, लग्नपत्रिका अशा नावांची फाइल येते, शेवटी 'डॉट एपीके'. ती फाइल नसते, ते ॲप असतं. बसवलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि मेसेज वाचता आले की ओटीपी त्याचाच. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला बाहेरचं ॲप बसवायची परवानगी वेगवेगळी द्यावी लागते. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा आणि तिथे क्रोम, व्हॉट्सॲप, फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोरचं बटण बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग कोणता ठेवायचा?

यूसी ब्राउझर अजून कुणाच्या फोनमध्ये असेल तर आजच काढा. एकेकाळी गावोगावी हाच होता. २०१५ मध्ये कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवलं होतं की तो वापरणाऱ्याची माहिती नीट झाकल्याशिवाय बाहेर पाठवतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात हाही होता. आता जो कुठून तरी मिळतो तो प्ले स्टोअरच्या बाहेरचा.

फोन कंपनीने आधीच घालून दिलेले ब्राउझर : सॅमसंग इंटरनेट चांगला आहे, जाहिराती अडवणारी जोडही त्याला लावता येते. बाकी कंपन्यांच्या ब्राउझरमध्ये बातम्या आणि जाहिरातींचा भडिमार असतो. शाओमीच्या ब्राउझरबद्दल २०२० मध्ये तज्ज्ञांनी दाखवलं की इनकॉग्निटोमध्ये उघडलेल्या साइटचे पत्तेही कंपनीच्या सर्व्हरवर जात होते. कंपनीने आरोप नाकारले, पण नंतर ते बंद करायचं बटण दिलं. असा ब्राउझर काढता येत नसेल तर निदान मुख्य ब्राउझर म्हणून ठेवू नका.

सरकारी अर्ज आणि बँक यासाठी क्रोम. यात खासगीपणा कमी आहे हे खरं, पण सरकारी साइट बहुधा क्रोमवरच तपासून घेतलेल्या असतात आणि अपडेट वेळेवर येतात. पावतीची किंवा उताऱ्याची खिडकी उघडत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'पॉप-अप्स' या ठिकाणी त्या साइटपुरती परवानगी द्या. पान अर्धवट दिसत असेल तर तीन टिंबांमधलं 'डेस्कटॉप साइट' दाबा. अर्धे खेटे तिथेच वाचतात.

रोजच्या बातम्या, बाजारभाव, क्रिकेटचा स्कोअर, इकडचं तिकडचं वाचन यासाठी ब्रेव्ह किंवा फायरफॉक्स. ब्रेव्ह ब्रेंडन आइक यांनी सुरू केला. वेबची पानं ज्या जावास्क्रिप्ट भाषेवर चालतात ती १९९५ मध्ये त्यांनीच बनवली. त्यात क्रिप्टोची बटणं असतात, त्यांच्याकडे बघू नका. २०२० मध्ये पत्ता टाइप करताना स्वतःच्या कमिशनची लिंक जोडल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि त्यांना ते बंद करावं लागलं. म्हणजे इथेही सगळे संत नाहीत. एखादी साइट ब्रेव्हमध्ये बिघडली तर पत्त्याजवळच्या सिंहाच्या चित्रावर दाबून त्या साइटपुरता अडसर काढता येतो.

फायरफॉक्स मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आहे. मात्र एका साइटला दुसरीपासून भिंत घालून वेगळं ठेवायच्या बाबतीत अँड्रॉइडवर तो क्रोमच्या बराच काळ मागे राहिला. वाचायला उत्तम, पैशाच्या व्यवहाराला क्रोम बरा, असं आमचं मत.

ऑपेरा मिनीची किंमत आता सांगतो. पान कंपनीच्या सर्व्हरवर उघडतं म्हणजे तुम्ही आणि बँक यांच्यात तिसरा माणूस बसला. डेटा बचत चालू असताना त्यात बँक, आधार, पासवर्डचं काहीही करू नका. शेतात रेंज नसताना बातमी वाचायला ठीक.

स्वदेशी पर्याय विचारणारे बरेच आहेत. चेन्नईच्या झोहो कंपनीचा 'उला' २०२३ मध्ये आला. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत झोहोला २०२५ मध्ये १ कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं. त्याचंही इंजिन क्रोमियमच. जाहिराती अडवतो. वापरून बघायला हरकत नाही.

घरात फोन एकच असेल तर

बऱ्याच घरांत दिवसा फोन वडिलांकडे, रात्री पोरांकडे. तिथे ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड साठवू नका. स्वतःचा एकट्याचा फोन असेल तर मात्र पासवर्ड साठवण्याचा एक फायदा आहे. बनावट साइटवर तो आपोआप भरला जात नाही, कारण पत्ता जुळत नाही. रोज आपोआप येणारा पासवर्ड आज आला नाही, तर थांबून पत्ता बघा.

सारख्या वाजणाऱ्या नोटिफिकेशन, 'तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस', 'लॉटरी लागली', हा व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या साइटने विचारलं आणि आपण 'अलाउ' दाबलं, त्याचा तो परिणाम. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे ओळखीचं नाव नसेल त्याचं बटण बंद करा. (आमच्या पोर्टलचं चालू ठेवलंत तर आनंदच आहे.)

गुगलवर बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा कस्टमर केअर नंबर शोधू नका. वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं येतं ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, तिथे चोराचाही नंबर असू शकतो. नंबर पासबुकवर आणि एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो.

आणि पैसे गेलेच तर सकाळची, शाखा उघडायची वाट बघत बसू नका. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम आणि खाते क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात. तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या साइटवरही करता येते. ज्या फोनमध्ये ते एपीके बसलं आहे त्याचं नेट आधी बंद करा आणि १९३० ला फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावा.